एन्व्ही आणि जेलसी : हेवा कुठला, मत्सर कुठला?

मैत्रिणीच्या लडाखच्या फोटोखाली भाचीने ‘सो जेलस!’ असे लिहिले आणि मग ‘इथे एन्व्ही हवे होते का?’ असे मलाच विचारले. रूढ वापर पाहता तिचे काही चुकलेले नाही, कारण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही आता दोन्हीकडे सर्रास जेलसच म्हणतात; पण अनुवाद करायला बसले की हा भेद डावलून चालत नाही.

दुसऱ्याजवळ आहे ते आपल्याजवळ नाही, हे शल्य म्हणजे एन्व्ही. आणि जे आपले आहे, निदान आपण आपले मानतो, ते कोणी तिसराच हिरावून नेईल, ही धास्ती म्हणजे जेलसी. एन्व्हीला दोन माणसे पुरतात, जेलसीला बहुधा तीन लागतात. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त दोन्ही भावना एकाच कटात गुंतलेल्या आहेत : आपल्याला डावलून कॅसिओला बढती मिळाली म्हणून इयागोला डाचते ती एन्व्ही, आणि आपली पत्नी त्याच कॅसिओकडे ओढली गेली आहे या संशयाने ऑथेल्लोला पोखरते ती जेलसी. तिला ‘हिरव्या डोळ्यांचा राक्षस’ म्हणून ऑथेल्लोला सावध करणारा इयागोच आहे, हे विशेष.

एन्व्हीच्या मुळाशी लॅटिन ‘इन्व्हिदिया’ आहे आणि त्यात ‘पाहणे’ या अर्थाचा धातू आहे. इटालियन कवी दांतेने आपल्या महाकाव्यातल्या शुद्धिलोकात, म्हणजे मृतात्मे पाप धुऊन घेतात त्या लोकात, हेवेखोरांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या दाखवल्या, त्या उगाच नव्हेत. आपल्याकडेही दुसऱ्याचे सुख डोळ्यांतच खुपते. जेलस मात्र ग्रीक ‘झेलोस’वरून आला. त्या शब्दात चुरस आणि आवेश हेही अर्थ होते, म्हणूनच उत्साहवाचक ‘झील’ हा त्याचाच भाऊबंद.

मराठीची खरी पंचाईत जेलसीपाशी होते. एन्व्हीला ‘हेवा’ बरोबर बसतो, आणि तो कौतुकाने समोरच्याच्या तोंडावरही सांगता येतो. ‘असूया’ त्याच्या पुढची पायरी आहे : गुणांवरही दोष लादणे, असाच अर्थ अमरकोश देतो. जेलसीसाठी सुचणारा ‘सवतीमत्सर’ फारच अरुंद आहे, आणि ‘जेलस नवरा’ मराठीत सरळ ‘संशयी नवरा’ होतो. उरली ‘ईर्षा’. संस्कृतातली ‘ईर्ष्या’ जेलसीच्या बरीच जवळ आहे, पण मराठीत पैलवान ईर्षेने लढतो तेव्हा त्यात मत्सर नसतो, जिद्द असते. झेलोसचे आणि ईर्ष्येचे रक्ताचे नाते नाही, तरीही दोघांनी जळफळाट आणि चुरस एकाच घरात नांदवली, याचे मला फार नवल वाटते. अनुवादात मी स्वतः एन्व्हीला हेवा किंवा असूया आणि जेलसीला प्रसंगानुसार संशय किंवा मत्सर घेतो. एकच ठरीव प्रतिशब्द धरून बसत नाही.

भाचीला म्हटले, मराठीत ‘हेवा वाटतो गं तुझा’ असे लिही. ‘मत्सर वाटतो’ लिहिलेस, तर मैत्रीण फोन करून विचारेल, काय बिघडले म्हणून.