'रिलीफवरचे' चित्रकार: मराठीत काय म्हणावं?

टाचणवही: महामंदीतल्या अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणतेय. १९३५ मध्ये रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी डब्ल्यूपीए (वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन) ही यंत्रणा काढली. तिच्यात चित्रकार, नट, वादक, लेखकही घेतले. मूळ लेखात चित्रकारांना 'ऑन रिलीफ' म्हटलंय. 'रिलीफ' म्हणजे इथे गरजूंना मिळणारी सरकारी मदत, पण त्याचा दुसरा अर्थ उठावशिल्प; त्यामुळे आधीच्या एका खर्ड्यात त्याचं 'उठावशिल्पकार' झालं होतं! ते खोडलं आणि 'राजाश्रयावरचे चित्रकार' लिहिलं. संपादकांनी 'सरकारी मदतीवर जगणारे' केलं. मला दोन्ही पटत नाहीत. जॅक्सन पोलॉक, ली क्रॅसनर चित्रं काढून आठवड्याचा पगार घेत होते. न्यूयॉर्कात २३-२४ डॉलर.

भालदार: राजाश्रयात काय वाईट? शाहू महाराजांनी चित्रकार आबालाल रहिमान यांना आश्रय दिला, गायक अल्लादियाखाँसाहेबांना दिला. आता राजाच्या जागी सरकार. रूढ शब्द आहे, ठेवा.

टाचणवही: राजा गुण पाहून बोलावतो. इथे बहुतेकांना आधी आपली हलाखी सिद्ध करावी लागे, मग काम मिळे. स्पर्धा घेऊन चित्रकार निवडणारा विभाग निराळा होता, अर्थखात्याचा. पोस्टाच्या इमारतींतली बरीचशी भित्तिचित्रं त्याची. त्यांना राजाश्रय म्हणेन एक वेळ.

गोधडी: आमच्या बीडकडे याला शब्द आहे: दुष्काळी काम. बहात्तरला आजी खडी फोडायला जायची. 'तुम्हाला सरकारची मदत मिळाली ना?' असं कुणी विचारलं की तिला फार लागायचं. "मदत न्हवं, कामावर व्हतो आम्ही. मस्टरवर अंगठा हाय माझा." न्यूयॉर्कच्या चित्रकारांनाही काही काळ सकाळी जाऊन हजेरी लावावी लागे, असं वाचलंय. तेच हे. 'मंदीकामावरचे चित्रकार' म्हणा.

मोडीप्रेमी: 'मंदीकाम' कोणत्या कोशात आहे? 'मदत' अरबी, 'हजेरी' अरबी, 'मस्टर' तर सरळ इंग्रजी. 'वृत्ती' म्हणजे उपजीविका, असा आपला शब्द असताना 'साहाय्यवृत्ती' का नको?

गोधडी: कारण त्यात पुन्हा साहाय्यच आलं. आणि आजीचा अंगठा उपस्थितिपटावर नव्हता, मस्टरवरच होता. तो शब्द आता तिचा आहे.

सांजवारा: गोधडींशी सहमत. हॅली फ्लॅनगन चालवत होत्या त्या डब्ल्यूपीएच्या नाट्यविभागाचा पैसा १९३९ मध्ये तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने तोडला, तेव्हा हजारो लोकांचं काम गेलं. जे जातं ते काम, मदत नव्हे. फक्त 'मानधन' लिहू नका. माझे वडील तबल्याच्या साथीला जात. पाकिटावर 'मानधन' दिसलं की आई न उघडताच म्हणायची, कमी असणार. 'बिदागी' असली की तिला धीर यायचा.

भालदार: बिदागी 'विद्या'वरून आली ना? विद्येचा मान म्हणून?

मोडीप्रेमी: नाही हो. 'विदा' म्हणजे निरोप. निरोप देताना हातावर ठेवायची ती बिदागी.

टाचणवही: म्हणजे दर आठवड्याच्या पगाराला ती चालणारच नाही. लेख शुक्रवारी द्यायचाय. तूर्त 'सरकारी कामावरचे चित्रकार' लिहितेय, पण त्यात ती हलाखी सुटते.

गोधडी: आमच्याकडे कीर्तनकाराला बिदागी, तमाशाच्या फडाला सुपारी. कोल्हापुराकडे सनईवाल्याला काय म्हणतात देताना?

भालदार: आईला विचारून सांगतो.