अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसाठी गाऊन : फोम लावावा का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)

माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाल्यापासून त्या अंथरुणावरच असतात. आता माकडहाडाजवळ रुपयाएवढा लाल डाग दिसू लागला आहे. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे माकडहाड, खुबे, कोपरे आणि टाचा या जागी दीड इंच जाडीचा फोम बसवलेला गाऊन शिवावा, असा विचार आहे. कापड जुन्या सुती लुगड्याचे घ्यावे की दुसरे काही? नाशिकचा उन्हाळा जवळ आला आहे, म्हणून ही घाई.

उत्तर १ (परिचारिका, नाशिक रोड)

ताई, फोम शिवू नका. रुग्ण हलला की कपडा फिरतो, आणि माकडहाडाखाली असायला हवा तो फोम कमरेच्या बाजूला जाऊन त्याची कडच रुततो. मध्ये भोक असलेली गोल उशी अनेक घरांत वापरली जाते, तिचीही गत हीच असते. भोकाभोवतीच्या कातडीवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा मंदावतो. हाडावरचा भार वाटून देण्याचे काम गादीचे आहे, आणि तो भार हटवण्याचे काम कूस बदलणाऱ्या हातांचे. साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन अंदाजे ३० अंश कलते ठेवावे, म्हणजे भार थेट खुब्याच्या हाडावर येत नाही.

तो लाल डाग बोटाने दाबून पाहा. बोट काढल्यावरही लालीच राहिली, क्षणभर फिकी झाली नाही, तर कातडी शाबूत असूनही शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, इजा सुरू झालेली असते. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१६ मध्ये ‘व्रण’ऐवजी ‘दाबामुळे झालेली इजा’ हा शब्द स्वीकारला, तो अशाच अवस्थेमुळे. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, तेव्हा आसपासच्या जागेपेक्षा तेथे अधिक गरम किंवा घट्ट लागते का, हे हाताने पाहावे. त्या जागी तेल चोळू नये. आपल्याकडे मायेने नेमके तेच केले जाते. डॉक्टरांना मात्र याच आठवड्यात दाखवा.

उत्तर २ (शिंपी, सिडको)

मी बऱ्याच रुग्णांचे गाऊन शिवले आहेत, म्हणून बेतापुरते सांगतो. पाठीवर आणि बैठकीवर काहीही येऊ देऊ नका : शिवण, खिसा, बटण, नाडीची गाठ, लेबल, काहीच नाही. मागचा भाग कंबरेखाली कापूनच टाका. दोन्ही बाजूंचे पल्ले पुढे आणून बंद छातीच्या बाजूला बांधा. म्हणजे रुग्णाला न उचलता कपडा बदलता येतो, डायपरही लवकर बदलला जातो आणि खाली चुण्या गोळा होत नाहीत. बाजूच्या शिवणींची दुमड बाहेर ठेवा. कोणी हसले तर हसू द्या, कातडीला गुळगुळीत बाजू लागली पाहिजे. बाह्या सैल ठेवा; पायमोजे घालत असाल, तर त्यांना घट्ट रबर नको.

प्रश्नकर्त्या

मग लुगड्याचे सुती कापडच बरे ना? इतके धुतल्यामुळे ते लोण्यासारखे मऊ झाले आहे.

उत्तर १ (परिचारिका)

कोरडे असेपर्यंत ते उत्तमच आहे. पण सुती कापड घाम आणि लघवी शोषून धरून ठेवते, आणि ओले कापड त्वचेला चिकटते. डोक्याकडची बाजू उंच केली, की चिकटलेली कातडी जागच्या जागी राहते आणि आतले हाड पायांकडे घसरते. त्या ताणाने खोलवरच्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. बाहेरून दिसते त्याहून आतली जखम मोठी निघते, ती बहुधा याचमुळे. म्हणून डोके ३० अंशांपेक्षा फार वर ठेवू नये. रेशमासारख्या गुळगुळीत, लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या चादरींवर परदेशी रुग्णालयांत चाचण्या झाल्या असून त्यांत शय्याव्रण कमी आढळले. तेव्हा वर सुती आणि पाठीखालच्या चादरीला गुळगुळीत कापड, असा मेळ घाला. मेणकापड मात्र थेट कातडीला लागू देऊ नका. उन्हाळ्यात त्याखाली घाम साचतो.

टाचांसाठी कपडा नकोच. पोटरीखाली लांबट उशी अशी ठेवा, की टाच अधांतरी राहील आणि गुडघा किंचित वाकलेला असेल.

प्रश्नकर्त्या

बोटाने दाबून पाहिले, डाग फिका होत नाही. उद्या डॉक्टरांना दाखवते. फोम बाजूला ठेवला आहे. पहिला गाऊन लुगड्याचाच बेतला असून बंद डाव्या बाजूला घेतले आहेत, कारण सासूबाईंचा उजवा हात चालत नाही आणि डाव्या हाताने गाठ सोडायला त्यांना स्वतःलाच आवडेल.