उत्तरतालिकेत डलहौसी, कायद्यावर 1856. उत्तर कोणाचे धरायचे?

मारवा : राज्यसेवा पूर्वच्या सराव पेपरात प्रश्न होता, 'विधवा पुनर्विवाह कायदा कोणत्या गव्हर्नर जनरलच्या काळात संमत झाला?' मी कॅनिंगचे वर्तुळ रंगवले, तालिकेत डलहौसी. क्लासमध्ये विचारले तर म्हणाले, "सगळ्या गाइडांत डलहौसीच आहे, तेच पाठ करा." अहो, कायदा संमत झाला जुलै 1856 मध्ये. कॅनिंगने डलहौसीकडून सूत्रे घेतली त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर. वादातले उत्तर तारखेवर ठरावे, किती गाइडांत काय छापलंय यावर नाही.

फळा-खडू : मी हाच विषय शिकवतो. डलहौसी म्हणणारे उगाच म्हणत नाहीत. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा अर्ज आणि कायदे मंडळाचे सदस्य ग्रँट यांनी मांडलेले विधेयक, दोन्ही 1855 चे, म्हणजे डलहौसीच्या अमदानीतले. शिवाय पेपर काढणाराही तीच पुस्तके चाळतो. चुकलेल्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात. मुलांनी तत्त्वासाठी गुण का घालवायचे?

मारवा : सर, 'मांडला' असे विचारले असते तर तुमचे मान्य. प्रश्नात 'संमत' आहे. बंगालच्या फाळणीचेही असेच होते. घोषणा जुलै 1905 ची, अंमल 16 ऑक्टोबरपासून. प्रश्नातला एक शब्द बदलला की उत्तर बदलते.

रानवाट : इतका घोळ असेल तर प्रश्न रद्द करून मोकळे व्हावे. सगळ्यांना सारखेच.

शेवंती : सारखे कसे? ज्याने मूळ वाचून बरोबर लिहिले त्याचे गुण जातात, ज्याने चुकीचे लिहिले त्याची कपात वाचते. एका गुणाने यादीबाहेर राहिलेल्या मुलीला विचारा. रद्द करावा तो दोन उत्तरे खरोखर बसतात तेव्हाच. इथे एकच बसते.

आणि पुस्तकांचे म्हणाल तर शिवजन्माची तिथी आठवा. बखरींच्या आधारे 1627 हेच साल वर्षानुवर्षे चालत होते. मग टिळकांनी जेधे शकावली (जेधे घराण्याकडची सालवार नोंद) प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 निघाली, कवी परमानंदांच्या शिवभारत काव्यातही तीच. आज शासन 19 फेब्रुवारी 1630 मानते. तेव्हा पुस्तके मोजून निकाल लावला असता तर 1627 च राहिले असते!

मारवा, लोकसेवा आयोगाची पहिली तालिका आली की हरकतीची मुदत थोडी असते. गाइडाचे पान जोडू नका. 1856 चा 15 वा कायदा आणि कॅनिंगच्या कारकिर्दीची तारीख, दोन्ही जोडा.

फळा-खडू : शिवजन्माचा दाखला पटला. उद्या फळ्यावर 1855 आणि 1856 शेजारी शेजारी लिहून दोन्हींतला फरक सांगतो. पण पर्यायांत कॅनिंग दिलाच नसेल तर मुलांनी डलहौसीच रंगवावा आणि हरकत नंतर घ्यावी, यावर मी ठाम आहे.

मारवा : तेवढे मलाही मान्य. माझ्या पेपरात मात्र कॅनिंग होता, पर्याय क्रमांक 3.