रात्री दोन वाजता मंडळीच्या प्रश्नांना यंत्राने उत्तर द्यावे का?

प्रश्न : पाळक, जालना जिल्हा

सर्वांना प्रभू येशूच्या नावाने सलाम. माझ्याकडे तीन गावांच्या मंडळ्या आहेत आणि दसऱ्यानंतर त्यांतील बरीच कुटुंबे ऊसतोडीला जातात, त्यामुळे निम्म्या भेटी फोनवरच होतात. वर्षभरापासून मी संदेशाचा, म्हणजे प्रवचनाचा आराखडा, संडे स्कूलचे प्रश्न आणि सभेचे इतिवृत्त यांसाठी चॅटजीपीटी वापरतो आणि ते कोणापासून लपवीत नाही.

मागच्या महिन्यात एका तरुण शेतकऱ्याचा दफनविधी होता. हाताशी तासभरही वेळ नव्हता, म्हणून सांत्वनाचा संदेशही यंत्राकडूनच लिहून घेतला. भाषा सुरेख होती. चौथ्या दिवशी घरी भेटीला गेलो, तेव्हा चहाचा कप पुढे ठेवत त्याच्या आईने विचारले, "सायेब, माह्या लेकराला तुम्ही वळखत व्हता ना?" देवळाचे पत्रे त्याने माझ्याबरोबर दोन दिवस उन्हात बसवले होते आणि संदेशात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

आता पंचकमिटीतील तरुणांना व्हॉट्सॲपवर चॅटबॉट हवा आहे, म्हणजे रात्री-अपरात्री कोणी दुःख सांगितले तर त्याला उत्तर मिळेल. मी नकार द्यावा, की मर्यादा घालून होकार द्यावा?

उत्तर १ : निवृत्त पाळक, छत्रपती संभाजीनगर

बायबलमधील दुःखी ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचे काही चुकले नव्हते. ते बोलू लागले आणि तेथून बिघडले. यंत्राची अडचण नेमकी हीच आहे, की विचारताक्षणी बोलणे एवढेच त्याला येते.

दुसरे असे, की ते शास्त्रवचने आपल्या शास्त्रातून जशीच्या तशी देईल याचा भरवसा नसतो. तेविसावे स्तोत्र मागितले, तर मला "कशाचीही कमतरता भासणार नाही" असे मिळाले. आपल्या आजीबाईंना "उणे पडणार नाही" हेच पाठ आहे आणि मरणाच्या खाटेजवळ तेच शब्द ऐकू यावे लागतात.

उत्तर २ : संगणक शिक्षक, लातूर

पाळकसाहेबांचा मान राखून सांगतो, छापील संदेशसंग्रहातून वाचून दाखवलेले संदेश आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उसनवारी यंत्राबरोबर आलेली नाही.

चॅटबॉटबद्दल मात्र मी सावध आहे. अमेरिकेतील एका कॅथोलिक संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये 'फादर जस्टिन' नावाचा बॉट सुरू केला. तो स्वतःला खरा धर्मगुरू म्हणवू लागला आणि एका वापरकर्त्याला त्याने पापक्षमाही देऊन टाकली, तेव्हा थोड्याच दिवसांत त्याचा झगा आणि 'फादर' ही पदवी दोन्ही काढून घ्यावी लागली. जर्मनीतील फ्यूर्थ येथे जून २०२३ मध्ये पडद्यावरच्या आकृत्यांनी सुमारे चाळीस मिनिटांची उपासना चालवली होती. पण तो जाहीर प्रयोग होता आणि समोर कोण आहे हे लोकांना ठाऊक होते. रात्री एकट्याने लिहिणाऱ्या माणसाला ते ठाऊक राहीलच असे नाही.

शिवाय कोणी नवऱ्याचे व्यसन किंवा सावकाराचे कर्ज नावानिशी लिहिले, तर तो मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो. पाळकांच्या कानात सांगितलेली गोष्ट पाळकांनीही तेथे टाकू नये, अगदी 'कसे समजावू' हे विचारण्यासाठीसुद्धा. बॉट ठेवायचाच असेल, तर त्याने उपासनेची वेळ आणि फोन क्रमांक सांगून थांबावे.

उत्तर ३ : परिचारिका व महिला मंडळ सदस्य, बीड

आपण सगळे यंत्राबद्दलच बोलत आहोत. आमच्या मंडळीतील एक भगिनी दारूड्या नवऱ्याच्या मारहाणीबद्दल दोन महिने फोनमधल्या यंत्राशी बोलत होती. पाळकांकडे का गेली नाहीस असे विचारल्यावर ती म्हणाली, की पाळकांच्या ओसरीवर नवऱ्याचेच मित्र बसलेले असतात. यंत्राने तिला प्रार्थना आणि संयम सुचवला होता. खोटे ते नव्हते, पण तिला आधी सुरक्षित जागा हवी होती. महिलांसाठी १८१ आणि मानसिक त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक देवळाच्या फलकावर लिहायला बॉट लागत नाही. आणि रात्री फोन उचलणारी एक तरी स्त्री असावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. रविवारी पंचकमिटीपुढे एवढेच मांडतो, की बॉटने वेळापत्रक सांगावे आणि रात्रीसाठी दोन माणसांचे क्रमांक द्यावेत, त्यांतील एक क्रमांक स्त्रीचा असावा. पुढच्या आठवड्यात त्या मुलाची स्मरणार्थ उपासना आहे. त्याआधी एका दुपारी त्या माउलीकडे जाऊन ती मुलाविषयी सांगेल तेवढे ऐकून घेणार आहे, आणि पत्र्यांची गोष्ट तिला मी सांगणार आहे. तिला ती बहुधा ठाऊक नसावी.