आर्वो, लेकी, सिकी… कापलेल्या इंग्रजी शब्दांचे तुमचे अनुभव

काल खण आवरताना एक पिवळी पडलेली चिठ्ठी हाती लागली. 2006 साली मेलबर्नला आले तेव्हा घरमालकीणबाईंनी दाराला चिकटवलेली. एवढंच: 'ट्रेडी आर्वोला येईल, बाजूचं फाटक उघडं ठेव.' पुण्याहून इंग्रजीत एम. ए. करून आलेली मी चिठ्ठी हातात घेऊन पायरीवरच बसले आणि रडले. हे कामावर, फोन कार्डातले पैसे संपलेले. ट्रेडी हे कुणाचं तरी नाव असेल असं वाटलं. तीन वाजता एक मुलगा पान्यांची पेटी घेऊन आला, मोरीतला नळ दुरुस्त करून गेला. ट्रेडी म्हणजे कारागीर, आर्वो म्हणजे दुपार.

पुढे त्याच बाईंनी चहा पिता पिता एकेक शब्द शिकवला. सर्व्हो म्हणजे पेट्रोल पंप, मोझी म्हणजे डास, रेगो म्हणजे गाडीची नोंदणी, स्मोको म्हणजे कामातली चहाची सुट्टी. गेल्या महिन्यात त्या गेल्या. तुमचंही लिहा, मला वाचायचंय.

गोधडी: अगं, किती गलबललं वाचून. हे लोक र गिळतात ना, तर पहिल्याच दिवशी साहेब 'सी यू धिस आव्हो' म्हणाले. मला वाटलं, हा मला अहो का म्हणतोय! घरी सांगितलं, तेव्हापासून हेच मला अहो म्हणतात. कुकर झाला, पळते.

स्विंडनकर: आम्ही इकडे इंग्लंडात, पाच गोंयकार पोरं एका घरात. घरमालक म्हणाला, लेकी वेगळी. सगळे एकमेकांकडे बघतायत, कुणाची लेक?? लेकी म्हणजे इलेक्ट्रिसिटी. मीटरची किल्ली दुकानात नेऊन पैसे भरून आणायचे. एका रविवारी दुकान बंद, मोबाईलच्या उजेडात हुमण-शीत जेवलो. कधी नव्हे ते सगळे एकत्र बसून.

गोधडी: हुमण कसलं? बांगडा मिळतो तिकडे?

स्विंडनकर: फ्रोझन मिळता. चालवून घेतो.

जुना_मास्तर: 'बस' घ्या. मूळ ऑम्निबस, लॅटिनमध्ये 'सर्वांसाठी'. त्यातला ऑम्नि म्हणजे सर्व, तो भाग गेला आणि उरला नुसता चतुर्थीचा प्रत्यय. म्हणजे 'सर्वांना'मधला 'ना' तेवढा राहिला आणि आपण त्यातून कोल्हापूरला जातो. शाळेत हे सांगितलं की शेवटच्या बाकावरची मुलंही मान वर करायची. फ्लू, फ्रिज, पब, सगळे असेच कापलेले.

पर्थ_ते_परभणी: ताप 102 होता, म्हणून मॅनेजरला खरं तेच कळवलं, 'आज सिकी घेतोय'. मला वाटलं सिक लीव्हचं लाडाचं रूप. पण सिकी बहुतेक वेळा ठणठणीत असताना मारलेल्या दांडीला म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. डॉक्टरचा कागद दाखवला तरी माफी कुणी मागितली नाही. ते अजून सलतं.

चिंचगुळी: अरेरे, दादा 😔 नवीन माणसाला शब्द समजावून सांगायला काय जातं यांचं?

चिंचगुळी: आणि सेल्फी पण ऑस्ट्रेलियाचीच बरं का! सापडलेला सगळ्यात जुना वापर तिथल्याच एका माणसाचा, 2002 चा. 2013 मध्ये ऑक्सफर्डवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आमची आजी नांदगावहून रोज म्हणते, नातवाची शेल्फी धाड.

मोगरा: विषय सोडून विचारते, माफ करा. सासूबाई मेलबर्नला येतायत, मेथीचे लाडू येऊ देतात का? बाळंतिणीसाठी हवेत.

पर्थ_ते_परभणी: ताई, विमानातल्या कार्डावर खाण्याचं सगळं लिहायला सांगा, डबा वरच ठेवा. काय न्यायचं ते तपासणारे ठरवतात, पण लपवलं तर दंड.

गोधडी: बाळंतीण कशी आहे गं? मुलगा की मुलगी?

मोगरा: मुलगी 😊 नर्स तिला 'बब्ज' म्हणतात. आता घरात सगळेच म्हणतात.

धागाकर्ती: मोगरा, अभिनंदन! सगळ्यांचं वाचतेय गं, स्मोकोत. मास्तर, तो 'ना' मुलीला आत्ताच मेसेज केला. चिठ्ठी फ्रिजवर लावलीय. मोगरा, कुठल्या भागात राहतेस? डिंक माझ्याकडे आहे, आर्वोला आणून देईन.