इंजिनिअरिंगची कॅपची सीट फ्रीझ झाली आणि ऑगस्टमध्ये एनडीएची एसएसबी आहे, फी भरावी का?

सिंहगडरोडची_आई
नमस्कार. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मुलाची यंदा बारावी झाली. एप्रिलची एनडीएची (बारावीनंतर फौजेत अधिकारी व्हायची अकादमी) लेखी निघाली आणि एसएसबीसाठी, म्हणजे फौजेच्या निवड मंडळाच्या चाचण्या नि इंटरव्ह्यूसाठी, भोपाळचं बोलावणं आलंय, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातलं. आता इंजिनिअरिंगच्या सीईटीनंतरच्या कॅपमध्ये (सरकारी प्रवेश फेऱ्यांमध्ये) पहिल्याच राउंडला पहिल्याच प्रेफरन्सचं कॉलेज लागलं, कॉम्प्युटर, म्हणजे सीट ऑटो फ्रीझ. दुसऱ्या कुठल्या घरात पेढे वाटले असते, आमच्याकडे तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाहीये. ह्यांचं म्हणणं की सरळ फी भर, हातातलं सोडू नये. मुलगा म्हणतो मला ॲडमिशनच नको, मागे दार उघडं असलं की माणूस जीव लावून करत नाही. फी दीड लाखाच्या वर आहे, आणि एनडीए झालंच तर ती बुडणार. फ्रीझ म्हणजे आता आपण बांधले गेलो का? आणि कॉलेज ओरिजिनल कागद ठेवून घेतं म्हणतात, ते खरंय का?

देहूरोडचे_बाबा
ताई, आधी अभिनंदन, दोन्हीबद्दल. आमचा मुलगा सध्या देहराडूनला आयएमएत (इंडियन मिलिटरी अकादमी) आहे, खडकवासल्याची एनडीएची तीन वर्षं संपवून गेला, त्यामुळे या सगळ्यातून आम्ही गेलोय. फ्रीझचा अर्थ एवढाच की तुम्ही कॅपच्या पुढच्या राउंडमध्ये नाही. एनडीएशी त्याचा काडीचा संबंध नाही, यूपीएससी काही विचारत नाही. अडचण तारखांची आहे. एप्रिलच्या पेपरची फायनल मेरिट साधारण ऑक्टोबरमध्ये लागते आणि कोर्स जानेवारीत सुरू होतो. ॲडमिशन रद्द करून फी परत मिळायची कटऑफ तारीख त्याच्या आधी निघून जाते. त्या तारखेच्या आत रद्द केलं तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी परत द्यायचे असा एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियम आहे, नंतर मात्र त्या वर्षाची फी गेली समजा. पुढच्या वर्षांची फी मागता येत नाही, कोणी मागितली तर नियम दाखवा. आम्ही भरली होती आणि एक सेमिस्टर पाण्यात गेलं. मला विचाराल तर ती विम्याच्या हप्त्यासारखी होती, तो बुडला याचा आनंदच झाला.

ओरिजिनल मात्र अजिबात देऊ नका, तपासून लगेच परत घ्या. कॉलेजने ते ठेवून घेऊ नयेत असाही नियम आहे, आणि एसएसबीला पहिल्या दिवशी तेच लागतात.

चेस्ट_नंबर_१९
काकू मी मुलाच्या बाजूने बोलायला आलो होतो पण बोलता येत नाहीये 😅 मागच्या वर्षी मीपण हेच म्हणालो होतो, बॅकअप नको, आणि घरच्यांनी ऐकलं. भोपाळला पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग असतं, एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. आमच्या ग्रुपमध्ये सगळे एकदम ओरडत होते आणि मी माझी पाळी येईल म्हणून वाट बघत बसलो, ती आलीच नाही. जेवणानंतर निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले, १८ नंतर डायरेक्ट २२, माझा १९ नाहीच. पहिल्यांदा गेलेल्याला थ्री एसीचं भाडं मिळतं, ते खिशात घालून स्टेशनवर पोहे खाल्ले आणि घरी फोनच केला नाही, पुण्यात उतरल्यावर केला. त्यानंतरचं वर्ष घरात बसून काढलं, ते एसएसबीपेक्षा लई अवघड होतं. मित्र कॉलेजचे फोटो टाकायचे आणि मी सारसबागेला चकरा मारायचो. सीट घ्या.

कोथरूड_ऑब्झर्व्हर
मी जरा उलटं बोलतो. दीड लाख ही काही किरकोळ रक्कम नाही, कर्ज काढून भरणार असाल तर विचार करा. आणि कॉम्प्युटरच्या एकेका सीटसाठी पोरं रडत असतात, जानेवारीत तुम्ही सोडलेली सीट कोणाच्याच कामाला येत नाही.

देहूरोडचे_बाबा
ऑब्झर्व्हर साहेब, सीटचं पटतं. पण आकडे बघा, एका खेपेला जागा ४०० च्या आसपास, लेखी पास होणारे हजारोंत. लेखी ९०० मार्कांची आणि एसएसबीसुद्धा ९०० चीच, म्हणजे अर्धा पेपर अजून व्हायचाय. त्यानंतर मेडिकल. आमच्या ओळखीत एकाचं सगळं झालं आणि कलर व्हिजनमध्ये अडकलं, बारावीपर्यंत घरात कोणाला पत्ताच नव्हता. ताई, डोळे, कान, सपाट तळपाय हे आत्ताच डॉक्टरांकडून बघून घ्या. वयाचंही आहे, साडेएकोणीसला एनडीएचं दार बंद होतं. डिग्री असेल तर मात्र सीडीएस ही पदवीधरांची फौजेची परीक्षा आहे, आणि इंजिनिअरला टीजीसी किंवा एसएससी टेक या फौजेच्या तांत्रिक भरतीने लेखीशिवाय थेट एसएसबीला जाता येतं. तुमचा मुलगा ज्याला मागचं दार म्हणतोय ते फौजेतच उघडतं, हे त्याला सांगा.

आणि इंटरव्ह्यूत विचारतातच, सध्या काय करतोस. "कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतलीय पण मला इथेच यायचंय" हे उत्तर "घरी आहे"पेक्षा वाईट कसं?

सिंहगडरोडची_आई
सगळ्यांचे आभार. शेवटचा मुद्दा त्याला वाचून दाखवला, काही बोलला नाही, पण रात्री स्वतःच कॉलेजच्या रिपोर्टिंगची तारीख काढून बसला. काल फी भरली. ओरिजिनलची फाइल माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. डोळ्यांची अपॉइंटमेंट गुरुवारची. दोघा बापलेकांचं बोलणं सुरू झालंय, सध्या विषय फक्त क्रिकेट.

एक बारका प्रश्न, पीटीचे पांढरे कॅनव्हास शूज तुळशीबागेत मिळतील का?

चेस्ट_नंबर_१९
शाळेच्या युनिफॉर्मच्या दुकानात बघा काकू. दोन जोड घ्या, भोपाळला पाऊस असणार, माझे वाळलेच नव्हते.