सोव्हिएत संघ आणि पॅरालिम्पिक: एका फलकावर नेमकं काय लिहायचं?

माजिवडा_नाका

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनानिमित्त ठाण्यातल्या एका शाळेत प्रदर्शन भरतंय. 'नकाशावरून गेलेले देश' असा त्यात एक कोपरा आहे आणि सोव्हिएत संघाचा फलक माझ्याकडे आलाय. फलक सहा बाय चार फूट. वाचणारे म्हणजे सातवी ते दहावीची मुलं, त्यांचे पालक, शिवाय शेजारच्या विशेष शाळेतली मुलंही येतील.

माहिती जमवताना तीन ठिकाणी अडलंय.

१. एकीकडे 'सोव्हिएत संघ पॅरालिम्पिकमध्ये एकाच वर्षी उतरला' असं सापडतं, तर दुसरीकडे १९५७ पासूनची पदकं दिसतात. खरं काय?
२. १९८० चं ऑलिम्पिक मॉस्कोत झालं, पण पॅरालिम्पिक नेदरलँड्समध्ये. हे फक्त सोव्हिएत सरकारच्या नकारामुळेच का?
३. १९९२ ची पदकं कुठे मोजायची? देश तर तोवर उरलाच नव्हता.

मजकूर नौपाड्यात छपाईला द्यायचाय, म्हणून आकड्यांची खात्री हवी आहे.

---

खारेगाव_खाडी

पहिल्या प्रश्नातली दोन्ही विधानं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या स्पर्धांबद्दल आहेत. १९५७ चा आकडा कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धांचा. त्या स्पर्धा १९२४ मध्ये पॅरिसला सुरू झाल्या, म्हणजे पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधी. त्यांची संघटना वेगळी आणि पदकतालिकाही वेगळी. आज त्यांना डेफलिम्पिक्स म्हणतात, पण हे नाव २००१ पासूनचं. १९५७ च्या ओळीपुढे ते छापू नका, 'कर्णबधिरांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, मिलान' असं लिहा. सोव्हिएत खेळाडू तिथे पहिल्यांदा उतरले.

पॅरालिम्पिकचा हिशेब छोटा आहे. सोव्हिएत संघाच्या नावावर एक हिवाळी आणि एक उन्हाळी स्पर्धा, दोन्ही १९८८ च्या. जानेवारीत इन्सब्रुकला दोन कांस्यपदकं. ऑक्टोबरात सोलला ५५ पदकं, त्यातली २१ सुवर्ण. वादिम काल्मिकोव्ह या एकट्या खेळाडूने सोलमध्ये चार सुवर्णं जिंकली: उंच उडी, लांब उडी, तिहेरी उडी आणि पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची मिळून एक स्पर्धा), सगळी दृष्टिबाधितांच्या गटात. मुलांना दाखवायला एखादं नाव हवं असेल तर हेच घ्या.

मात्र फलकाचा गाभा पदकं नसून 'इतका उशीर का' हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर संस्थांच्या स्थापनेच्या वर्षांत सापडतं. रशियात अंधांची अखिल रशियन संस्था १९२५ ची आणि कर्णबधिरांची १९२६ ची. दोन्हींना सरकारी मान्यता होती, त्यांच्या कार्यशाळा होत्या, क्लब होते, त्यामुळे खेळाडू घडवायला जागाही होती. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या, हात-पाय गमावलेल्या लोकांसाठी अशी देशव्यापी संस्था नव्हतीच. ती मागण्यासाठी १९७८ मध्ये युरी किसेल्योव्ह, वालेरी फेफेलोव्ह आणि फैझुल्ला खुसाईनोव्ह यांनी एक गट काढला, तर सरकारने त्यांच्याकडे सोव्हिएतविरोधी म्हणून पाहिलं. फेफेलोव्हना १९८२ मध्ये देश सोडून पश्चिम जर्मनीत जावं लागलं. अपंगांची अखिल रशियन संस्था अखेर ऑगस्ट १९८८ मध्ये उभी राहिली आणि सोलचं पॅरालिम्पिक ऑक्टोबरात होतं! व्हीलचेअरवरचे खेळ दोन महिन्यांत उभे राहत नाहीत. सोलमधल्या सोव्हिएत यशात अंध खेळाडू इतके ठळक का दिसतात, ते यावरून कळतं.

माझं मत: १९२५, १९२६, १९७८ आणि १९८८ ही चार वर्षं एका आडव्या रेषेवर मोठ्या अक्षरात घ्या आणि पदकतक्ता खाली लहान ठेवा. बहुतेक फलकांवर नेमकं उलट असतं.

---

सानपाडा_पूर्व

वरच्या प्रतिसादाला +१. दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडं.

मॉस्कोने नकार दिला हे खरंच आहे. पण तेवढंच लिहिलं तर बाकीच्या शहरांनी आनंदाने होकार दिला होता असं वाचणाऱ्याला वाटेल, आणि तसं अजिबात नव्हतं. १९६८ चं ऑलिम्पिक मेक्सिको सिटीत, पॅरालिम्पिक तेल अवीवला. १९७२ ला म्युनिकच्या क्रीडाग्रामातली घरं खेळांनंतर खासगी मालकीत जायची होती, म्हणून दिव्यांगांच्या स्पर्धा हायडेलबर्गला हलल्या. १९७६ ला माँट्रियल आणि टोरंटो. १९८० ला मॉस्को आणि आर्नहेम. १९८४ ला तर पॅरालिम्पिकचे दोन तुकडे झाले: काही गट न्यूयॉर्कला आणि व्हीलचेअरचे खेळ इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिलला, कारण तिथले यजमान ठरलेल्या अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने ऐन वेळी अंग काढून घेतलं. यजमान शहराने दोन्ही स्पर्धा भरवाव्यात असं बंधन तेव्हा नव्हतंच. तसा करार २००१ मध्ये झाला.

म्हणजे मॉस्कोचं वेगळेपण जागेपुरतं नव्हतं. पश्चिम जर्मनी, कॅनडा आणि अमेरिका यांनी जागा बदलली, पण खेळाडू पाठवले. सोव्हिएत संघाने १९८० ला यजमानपद घेतलं नाही आणि आर्नहेमला संघही धाडला नाही. हा फरक फलकावर दोन ओळींत बसतो, तो गाळू नका.

आणखी एक घसरगुंडी. 'कम्युनिस्ट देश पॅरालिम्पिकला जातच नसत' असं वाक्य बऱ्याच लेखांत असतं. ते चूक आहे. पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया हे १९७२ ला हायडेलबर्गमध्ये होते. पूर्व जर्मनीने मात्र १९८४ ला एकदाच अगदी छोटं पथक पाठवलं. तेव्हा दोष विचारसरणीच्या गळ्यात घालण्याआधी त्या त्या देशातल्या संस्था पाहाव्या लागतात.

हायडेलबर्गचं नाव आलंच आहे, तर त्या पट्टीत मुरलीकांत पेटकर यांना घ्याच. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे पेटकर १९६५ च्या युद्धात जखमी झाले होते. हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. मराठी मजकुरात सर्रास 'जर्मनीत' लिहितात. तुमचा कोपरा गेलेल्या देशांचाच आहे, तेव्हा 'पश्चिम जर्मनीत' लिहा.

---

माजिवडा_नाका

दोघांचेही आभार, चार वर्षांची रेषा घेतो. १९९२ चं मात्र अजून सुटलेलं नाही. एका तक्त्यात सोव्हिएत संघ आणि १९९२ चा संघ यांची बेरीज करून १०० पदकं दाखवली आहेत. आकडा गोल आहे म्हणून मोह होतोय.

---

घणसोली_सेक्टर_७

मोह आवरा. ५५ आणि ४५ मिळून १०० होतात, पण ती दोन वेगळ्या संघांची पदकं आहेत. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये संपला. १९९२ ला टिन्येच्या हिवाळी आणि बार्सिलोनाच्या उन्हाळी पॅरालिम्पिकला जुन्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा 'एकत्रित संघ' उतरला, त्याचं संकेतनाम ईयूएन. सोव्हिएत संघाचं यूआरएस. अधिकृत निकालांत या दोन वेगळ्या नोंदी आहेत. टिन्येत एकत्रित संघाची २१ पदकं, १० सुवर्ण. बार्सिलोनात ४५, १६ सुवर्ण.

शिवाय एकत्रित संघ म्हणजे जुना देश नव्या नावाने, असंही नाही. एस्टोनिया आणि लिथुएनिया बार्सिलोनात स्वतःच्या नावाने खेळले. त्यांचे खेळाडू या बेरजेत नाहीत, मग बेरजेला अर्थ काय उरला?

'५५ वरून ४५, म्हणजे घसरण' असंही कुणी लिहील. सोलला सुवर्णपदकांच्या स्पर्धा सातशेहून जास्त होत्या. बार्सिलोनात दिव्यांगत्वाची वर्गवारी आखडली आणि त्या पाचशेच्या आत आल्या. २१ ला सातशेच्या पुढच्या आकड्याने भागा आणि १६ ला पाचशेच्या आतल्या आकड्याने. वाटा कमी झालेला नाही, किंचित वाढलाच आहे. निरनिराळ्या वर्षांच्या पॅरालिम्पिक पदकांची नुसत्या आकड्यांनी तुलना करताना हमखास हीच चूक होते, कारण दिव्यांगत्वाचे वर्ग दर वेळी कमी-जास्त होतात.

तक्ता चार रकान्यांचा करा: वर्ष व ठिकाण, संघाचं त्या वेळचं नाव, सुवर्ण, एकूण. ओळी चारच: इन्सब्रुक १९८८, सोल १९८८, टिन्ये १९९२, बार्सिलोना १९९२. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये जाड रेघ मारा. १९९२ च्या ओळींना विळा-हातोड्याचा लाल झेंडा लावू नका. कर्णबधिरांच्या स्पर्धा या तक्त्यात घ्यायच्याच नाहीत, त्यांची चौकट वेगळी. रशियाच्या नावाने स्वतंत्र नोंद १९९४ लिलहॅमरपासून सुरू होते. ती तुमच्या फलकाबाहेरची.

शेजारचा फलक युगोस्लाव्हियाचा असेल तर त्या मंडळींनाही सांगा, बार्सिलोनात तिथलं प्रकरण निराळं आहे. मे १९९२ मध्ये सुरक्षा परिषदेने ७५७ क्रमांकाच्या ठरावाने निर्बंध घातले. त्यामुळे तिथले खेळाडू देशाच्या नावाने न खेळता 'स्वतंत्र पॅरालिम्पिक सहभागी' म्हणून खेळले. स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाचे संघ वेगळे होते. एकत्रित संघ आणि स्वतंत्र सहभागी हे एकच समजणारे लेख पुष्कळ आहेत.

---

कळवा_पूल

इतिहासात माझी भर नाही, छपाईबद्दल सांगतो. मजकूर कितीही अचूक असला तरी फलक इथेच बिघडतो.

मजकूर युनिकोडमध्ये लिहून वर्ड फाइल पाठवलीत, तर दुकानातल्या जुन्या कोरल ड्रॉमध्ये जोडाक्षरं फुटतात. 'सोव्हिएत'मधला व्हि आणि 'पॅरालिम्पिक'मधला म्पि हमखास. अक्षरांचं कर्व्हमध्ये रूपांतर करून पीडीएफ द्या, आणि आधी ए-४ वर एक प्रत काढून वाचा. पडद्यावर तपासणं पुरत नाही. श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाइप करतो असं दुकानदार म्हणाला तर नावं आणि आकडे नव्याने तपासावे लागतील. १९८८ चं १९९८ तिथेच होतं.

फ्लेक्सपेक्षा ५ मिलिमीटर सनबोर्ड घ्या, वर मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर शाळेच्या ट्यूबलाइटचा पट्टा पडतो आणि कमी दिसणाऱ्या मुलांना नेमकी तीच ओळ वाचता येत नाही. पांढऱ्या किंवा फिकट पिवळ्यावर काळी अक्षरं. लालवर काळं नको, सोव्हिएत म्हटलं की सगळे लाल पार्श्वभूमी घेतात. मात्रा-वेलांट्या एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींतलं अंतर दीडपट ठेवा. पदकांचे नुसते रंगीत गोळे पुरेसे नाहीत, शेजारी 'सुवर्ण' किंवा 'कांस्य' असा शब्द हवा.

फलकाचा मध्य जमिनीपासून साधारण चार फुटांवर यावा, म्हणजे व्हीलचेअरवरून मान वर न ताणता वाचता येतं. समोर टेबल लावू नका, नाहीतर खुर्ची जवळ नेता येत नाही. ब्रेल पट्टी करायची असेल तर जाड कागदावर वेगळी करून फलकाच्या खालच्या कडेला चिकटवा. लॅमिनेशन ब्रेलवर चढवू नका, टिंबं दबतात.

---

माजिवडा_नाका

चालेल. १०० काढला, झेंडाही काढला. ब्रेल पट्टीवर चार वर्षांची रेषा घ्यावी की पदकतक्ता? दोन्ही बसत नाहीत.

---

खारेगाव_खाडी

रेषा. आणि जागा उरली तर काल्मिकोव्हच्या चार सुवर्णांची ओळ. पेंटॅथलॉन ही उडी नाही, तेवढं सांभाळा, म्हणजे 'तीन उड्या आणि पेंटॅथलॉन' असं लिहा.